गुलाबाच्या रद्दीतला शब्द

नव्वदच्या दशकात नाशिकजवळ मखमलाबादला आमची गुलाबाची शेती होती. पहाटे आई फुलं तोडायची, मीही तिच्याबरोबर असायचे आणि मग वीस-वीस दांड्यांच्या जुड्या रद्दीच्या कागदात गुंडाळायचे. घरात शाळेच्या पुस्तकांपलीकडे पुस्तक नव्हतं. माझं वाचन त्या रद्दीवरच झालं. "गुंडाळ गं बये, वाचत काय बसलीस!" हे आईचं रोजचं पालुपद.

सातवीत असताना अशाच एका कागदावर 'तटस्थ' हा शब्द सापडला. शाळेतल्या बाईंनी अर्थ सांगितला, कोणाचीच बाजू न घेणारा. मला तो भलताच रुबाबदार वाटला. शब्द वापरल्याशिवाय आपला होत नाही अशी माझी ठाम समजूत होती, म्हणून मी तो जिथे तिथे वापरू लागले. मैत्रिणी भांडल्या, मी तटस्थ. वडिलांना पिठलं हवं आणि आईला आमटी करायची, तरी मी तटस्थ. घरचे सगळे वैतागले.

दवाने भिजलेली फुलं आधी झटकायची, गोणपाटावर सुकू द्यायची आणि मगच गुंडाळायची, ही आमच्याकडची रीत. एके दिवशी वाचण्याच्या नादात मी ती ओलीच गुंडाळली. फुलबाजारात जुडी सोडली, तर कागदाची शाई पाकळ्यांना लागून कडा काळ्या पडलेल्या.

पंचवटीतल्या एक बाई रोज पूजेसाठी आमच्याकडूनच फुलं नेत. त्यांनी एक पाकळी उलटून पाहिली. "देवाला शिळी फुलं देतेस होय गं?"

आईचा चेहरा उतरला. देवासाठी शिळं फूल विकणं तिच्या लेखी पापच होतं. "आज पहाटंची हायेत, ताई. पाहिजे तर हिला इचारा. ही होती माझ्यासंगं."

बाई माझ्याकडे वळल्या. कडा कशाने काळ्या झाल्या ते मला पक्कं ठाऊक होतं. सांगितलं असतं तर बोलणी खावी लागली असती. शब्द जिभेवर तयारच होता.

"मी तटस्थ आहे," मी म्हणाले.

"बघ, पोरीला काही खोटं बोलवेना," असं म्हणून त्या शेजारच्या फुलवालीकडे गेल्या. आमच्याकडे त्या पुन्हा कधी आल्या नाहीत.

परतताना टेम्पोत आई रिकामी पाटी मांडीवर घेऊन बसली होती. तिने विचारलं, "तू म्हणालीस तो शब्द म्हंजी काय गं?"

मी अर्थ सांगितला.

"फुलं तू ओली गुंडाळलीस ते मला तिथंच दिसलं," ती म्हणाली. "पण चारचौघांत तुझं नाव कसं घेऊ?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घर येईपर्यंत मी पाटीची दुसरी कड धरून बसले.