मिठाची जागा

"पीते तो नहीं थे भाईसाहब... फिर तो खाने में ही कुछ होगा."

शेजारच्या दोघी स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहून हळू आवाजात बोलत होत्या. बाहेरच्या खोलीत मोठे बाबा सतरंजीवर होते, अंगावर पांढरी चादर. आत ओट्याला पाठ टेकून मोठी आई बसली होती. तिनं ते ऐकलं, हे मला तिच्या हातांवरून कळलं. पदराच्या टोकाशी मघापासून चाललेली बोटं थांबली... आणि मग ती उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसली. यकृताच्या आजारानं माणूस गेला की लोक आधी बाटली शोधतात. ती सापडली नाही की स्वयंपाकघराकडे बघतात.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, मोठी आई त्यांची बायको. वडिलांची रेल्वेतली नोकरी बदलीची, म्हणून शाळेपासून मी रायपूरला, शंकर नगरात, या दोघांकडेच वाढले. त्यांना मूल नव्हतं. माझी शाळा इंग्रजी. घरात ती दोघं मराठीत बोलायची आणि मी हिंदीत उत्तर द्यायचे, तेही मोजकं. पाहुण्यांसमोर तर मुळीच नाही. "आमची पोट्टी रेडिओच्या उलटी आहे," मोठे बाबा सांगायचे, "सगळं ऐकते, वाजत नाही." मी मराठी वाचायला शिकले तीही त्यांच्याकडे येणाऱ्या नागपूरच्या पेपरांवर. म्हणून हे मराठीत लिहिते आहे.

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं तेव्हा ते सरकारी नोकरीत भोपाळहून इथं आले. मंत्रालय जुन्या शहरात होतं तोवर दुपारी घरी येऊन गरम जेवायचे. मग कारभार नव्या रायपुरात गेला. सकाळी ऑफिसच्या बसनं त्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवरून जायचं, दिवसभर खुर्ची, दुपारी गार डबा, चार वाजता समोसा, आणि संध्याकाळी परतल्यावर दिवसभराची भूक एकदम. पोट सुटलं, साखर निघाली. सोनोग्राफीच्या कागदावर 'फॅटी लिव्हर' असं आलं तेव्हा ते हसले होते. "आमच्या सेक्शनमध्ये सगळ्याइचंच हाये. लिव्हर जाड नसन तं प्रमोशन भेटत नाही." तो कागद फाइलमध्ये गेला. त्यानंतरही दर वर्षी तेच शब्द येत राहिले आणि कोणीच घाबरलं नाही, कारण काही दुखत नव्हतं. निवृत्तीनंतर पाय सुजायला लागले, मग पोटात पाणी झालं. तोवर यकृत आक्रसून कडक झालं होतं. त्यांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता, हे ते डॉक्टरांना पुन्हा पुन्हा सांगत राहिले, जणू त्यामुळे रिपोर्ट बदलणार होता.

डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. मोठ्या आईनं ते एखाद्या व्रतासारखं घेतलं. डोळे पिवळे दिसले म्हणून हळद बंद, तेल बंद, वरणाचं नुसतं पाणी. मीठ तर घरातूनच हद्दपार केलं. तरीही पोट फुगतच होतं, दंड मात्र काडीसारखे झाले होते. शेवटी हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. मी सोबत होते. बाई माझ्याच वयाच्या. त्या म्हणाल्या, "आंटी, इनका खाना कम नहीं करना है. दाल गाढ़ी दीजिए, पनीर, अंडा खाते हों तो अंडा, रात को सोने से पहले भी कुछ. हल्दी से कुछ नहीं होता. बस नमक कम."

"नमक तो मैं डालती ही नहीं," मोठी आई ठामपणे म्हणाली. "सेंधा डालती हूँ."

बाईंचा पेन थांबला. "आंटी... वो भी नमक ही है."

मोठी आई माझ्याकडे वळली आणि एकदम मराठीत म्हणाली, "पण उपासाले चालते नं ते?"

जन्मभर एकादशीला आणि चतुर्थीला तिनं साधं मीठ वर्ज्य मानलं होतं आणि सेंधा मीठ, म्हणजे सैंधव, बिनधास्त वापरलं होतं. ते मीठ नव्हेच, अशी तिची खात्री होती. माझी आई तिथं असती तर तीही हेच म्हणाली असती. बाईंनी खूप मायेनं समजावलं. मोठी आई मान हलवत राहिली. बाहेर आल्यावर मोठे बाबाच म्हणाले, "काहून तोंड पाडून राहिली वं? चला, आता खरा उपास सुरू."

त्यानंतर तिनं जे रांधलं ते मी विसरणार नाही. बिनमिठाच्या जेवणाला चव आणण्यासाठी ती लसूण भाजायची, जिरं कुटायची, लाल भाजीत आमचूर, मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगांच्या घट्ट वरणात टोमॅटो आणि लिंबू. "घरातच लिंबाचं झाड लावलं का तू?" ते चिडवायचे आणि ताट पुसून खायचे. पापड, लोणचं, वाळवलेल्या डाळीच्या बड्या सगळं शेजारी वाटून टाकलं. ती स्वतःही तेच खायची. पोटातलं पाणी काढायच्या खेपा कमी झाल्या, ते गच्चीपर्यंत चढू लागले. पण यकृत सावरलं नाही. सावरण्याची वेळ त्या हसून ठेवून दिलेल्या कागदांच्या दिवसांत होती.

शेवटी शेवटी डॉक्टर म्हणाले, "अब जो खाना चाहें, दे दीजिए." त्याचा अर्थ आम्हा दोघींना कळला. मोठ्या बाबांनी बासी मागितली. रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांदा, हिरवी मिरची आणि मीठ घालून इथले लोक उन्हाळ्यात खातात ती. मोठ्या आईनं केली. कांदा दिला, दही दिलं. मीठ दिलं नाही. "चिमूटभर टाक वं," ते म्हणाले. ती म्हणाली, "नाही." दोन घास खाऊन त्यांनी वाटी बाजूला सरकवली. रागावले नाहीत. "फिकं लागते," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे कुशीवर झाले. त्यानंतर त्यांनी काही मागितलं नाही.

लोकांना वाटलं तिला सेंधा मिठाचं लागलंय. नातेवाईक तशी समजूतही घालत होते, "तुले काय माहीत होतं?" मला माहीत होतं, तिनं दिलेलं मीठ तिला छळत नव्हतं. न दिलेली चिमूट छळत होती.

तेरवीला आचारी होता, पण मोठ्या बाबांचं पान तिनं स्वतः रांधलं. देवाच्या नैवेद्याला मीठ वाढत नाहीत. गेलेल्या माणसाच्या पानावर मात्र आमच्या घरी वाढतात, जिवंतपणी वाढायचो तसंच, डावीकडे वर, सगळ्यांत आधी. ते पान बाहेर ठेवल्याशिवाय कोणी जेवत नाही. तिनं भात वाढला, वरण, कढी, वडे, खीर, लाल भाजी. मिठाची जागा कोरी ठेवली. गुरुजी म्हणाले, "मीठ राहिलं." तिनं मिठाची वाटी उचलली, चिमूट घेतली... आणि हात पानावर तसाच राहिला. खोली पाहुण्यांनी भरलेली. कोणी म्हणालं, राहू द्या, कोणी म्हणालं, शास्त्र आहे. ती कोणाकडेच बघत नव्हती. मग तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं, त्या दिवशी दवाखान्यात बघितलं होतं तसं.

मी इतक्या लोकांसमोर कधी बोलले नव्हते, आणि मराठीत तर नाहीच.

"वाढ, मोठी आई," मी म्हणाले. "त्यांनी मागितलंय."