रडायची रीत

हिंगोलीच्या लॉ कॉलेजात शिला मॅडमच्या तासाला पोरं दांडी मारत नसत. पुस्तक वाचून दाखवणारे मास्तर बाकीचे होतेच. शिला राठोड सकाळी कोर्टात उभी राहायची आणि दुपारी तोच काळा कोट हातावर टाकून वर्गात यायची. पुस्तकात नसतं तेवढंच ती शिकवायची. पक्षकार रडत आला तर आधी पाणी द्यायचं, कागद नंतर मागायचे. जजसमोर हात खिशात घालायचे नाहीत. आणि साक्षीदाराला कसं विचारायचं.

"उलटतपासणीत 'काहून' हा शब्द तोंडातून काढायचा नाही," ती सांगायची. "काहून विचारलं की साक्षीदाराला रान मोकळं झालं. प्रश्न असा विचारा की त्याला 'व्हय' नाहीतर 'न्हाई'च म्हणावं लागंल. खेड्यातली बाई असली तर आवाज चढवू नका. मावशी म्हणा, मामी म्हणा."

"मॅडम, जजसाहेबाला मामा म्हणलं तर?" रत्नपाल मागून ओरडायचा.

"म्हण की. अन् दुसऱ्या दिवशी वसमतला हळदीच्या अडतीवर काम बघ."

वर्ग हसायचा. हसणं ओसरलं की ती पुढं सांगायची, माणसाची रीतभात माहीत करून घ्या. दाखला आपल्या घरचाच द्यायची. "आमच्या बंजारा तांड्यावर लेक माहेरी आली की बाया गळ्यात पडून रडतात, निघाली की परत रडतात. नुसतं रडणं नाही, शब्द जुळवून, चालीवर. ढावलो म्हणतात त्याला. बाहेरच्याला वाटंल, हिच्या घरी कोण वारलं! रीत ठाऊक नसली की माणसाचं सगळंच उलटं वाचलं जातं."

पहिल्या बाकावर बसून हे सगळं ऐकणारी सपना वसमतची. बाप भिवाजी साखर कारखान्यात कामाला. पोरगी कमी बोलायची, पण तिला एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. सनद मिळाल्यावर ती हिंगोलीतच एका मोठ्या वकिलाच्या हाताखाली बसू लागली. ही माझी पोरगी, असं शिला बाररूममध्ये कौतुकानं सांगायची.

शिलाचा तांडा पुसेगावच्या बाजूला. आई-बाप लहानपणीच गेले, तिला काकीनं वाढवलं. रुक्माबाई काकीनं स्वतःच्या लेकीला, शितलला, जे दिलं तेच पुतणीला दिलं. शितल लहान. शिला वकील झाली तेव्हा तीच सगळ्या तांड्यावर पेढे वाटत फिरली होती. पुढं तिचं लग्न झालं कळमनुरीकडच्या तांड्यावर, दिपकशी. तीन वर्षं मूल झालं नाही. मग सासरी टोमणे सुरू झाले, जेवायला शेवटी बसवणं आलं, मग मार. शितल फोनवर फारसं बोलायची नाही. आईला तेवढं सांगायची.

श्रावणात तीजेच्या सणाला ती माहेरी आली होती. कॉलेजात तोंडी परीक्षा चालू होत्या, म्हणून शिला काही तांड्यावर गेली नाही. दिवाळीला भेटू, म्हणाली. दिवाळीच्या आधीच शितल सासरच्या शेतातल्या विहिरीत सापडली.

दिपक आणि त्याच्या आई-बापावर केस झाली. शितलनं आपलं दुःख सांगितलं होतं ते एकट्या आईला, त्यामुळं सगळा भार रुक्माबाईच्या साक्षीवर होता. काकीला एकच पाहिजे होतं. लेक काही सासरचे म्हणतात तशी मिरगी येऊन, पाय घसरून मेली नाही, तिला त्या घरानं विहिरीपर्यंत नेलं, हे चार लोकांत कुणीतरी म्हणावं.

दिपकनं वकीलपत्र दिलं ते सपनाच्या साहेबांना. साहेबांनी साक्षी घ्यायचं काम सपनाकडं सोपवलं. ती त्याच संध्याकाळी शिलाच्या घरी आली, दारातच उभी राहिली.

"मॅडम, मला माहीत नव्हतं शितल तुमची कोण ते. साहेबाला नाही म्हणून सांगते मी."

शिलानं तिला आत घेतलं, चहा दिला. मग म्हणाली, "काय म्हणून नाही म्हणशील? आरोपीला वकील नको का? नाती बघून काम करायचं असतं तर मी तरी या धंद्यात कशाला राहिले असते. कर तुझं काम. नीट कर."

"रागावणार नाही ना मॅडम?"

"अर्धवट केलंस तर रागावीन."

असं बोलताना तिला आपला अभिमानही वाटला असेल. माणूस आहे, वाटतो.

साक्षीला पढवायचं नाही हा शिलाचा नेम. काकीला तिनं तारखेच्या आदल्या दिवशी दोनच गोष्टी सांगितल्या. "खरं बोल. अन् विचारलं तेवढंच बोल, जास्त फापटपसारा लावू नको. तिथं ते चालत नाही."

"बरं," काकी म्हणाली. "वकिलाला उलटं बोलू नये, येवढं कळतं मला."

कोर्टात रुक्माबाई डोक्यावरची ओढणी सारखी करत पिंजऱ्यात उभी राहिली. सरकारी वकिलांनी विचारलं तसं तिनं सांगितलं. लेकीला मारायचे, मूल नाही म्हणून छळायचे. तीजेला आली ती परत जायला तयार नव्हती, जाताना लई रडली. मग सपना उठली. आवाज अगदी मऊ.

"मावशी, उभं राहून पाय दुखत असतील तर साहेबांना सांगू का, खुर्ची देतील."

"न्हाई बाई, ऱ्हाते उभी."

"शितलला तुम्ही लाडात वाढवलं ना?"

"व्हय."

"तिचं मन हळवं होतं. लगेच डोळ्याला पाणी यायचं."

"व्हय बाई. लई हळवी."

"मावशी, तुमच्या तांड्यावर लेक सासरी निघाली की रडायची रीत आहे ना? ढावलो म्हणतात."

रुक्माबाईचा चेहरा उजळला. या परक्या इमारतीत तिच्या घरचा शब्द कुणीतरी पहिल्यांदाच उच्चारला होता. "व्हय बाई! आमच्यात रडतेतच. न्हाई रडली तर लोक नावं ठेवतेत."

"सुखात असलेली लेकसुद्धा रडते?"

"रडती की. रीतच हाय ती."

मागच्या बाकावर शिला ऐकत होती. प्रश्न तिच्याच वर्गातले होते, एकाखाली एक, ओळीनं. सरकारी वकिलांना ढावलो म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्यांनी फेरतपासणी नको म्हणून सांगितलं. कोर्टानं लिहून घेतलं आणि पुढचं नाव पुकारलं.

व्हरांड्यात सपना समोर आली. "मॅडम..."

"बराबर केलंस," शिला म्हणाली. "मी असते तर असंच केलं असतं." आणि काकीला घेऊन ती स्टँडकडं निघाली. त्यानंतर दोघींचं कामापुरतंच बोलणं राहिलं. भांडण म्हणावं तर तेही झालं नाही.

निकालाला दिपक आणि त्याचे आई-बाप सुटले. पुरावा पुरेसा नाही. आईच्याच सांगण्यावरून मुलगी हळव्या मनाची होती, आणि निघताना रडणं ही त्या समाजाची रीत आहे, असं निकालात आलं.

पुढच्या रविवारी शिला तांड्यावर गेली. काकी ओट्यावर सुपात तूर पाखडत बसली होती. रडून झालं होतं तिचं, आता अपिलाची गोष्ट काढली.

"शिला, अपिलाला आपण ती पोरगी वकील करू."

"कोणती पोरगी?"

"ती गं, पाय दुखतेत का म्हनून इचारनारी. सगळे खेकसत होते, ती एकलीच लेकीसारखी बोलली. ढावलो ठाव होता तिला. गुनाची हाय."

सुपातली तूर वर उडत होती, खाली पडत होती.

"काकी, ती त्यांची वकील होती. दिपकची."

सूप थांबलं. "त्यांची?"

"हो."

"मंग मला मावशी काहून म्हनली?"

यावर शिलाकडं उत्तर होतं. किती वर्षं ते ती पोरांना देत आली होती. काकीला ते देता आलं नाही.

रुक्माबाई तुरीत बोटं फिरवत राहिली. मग कुणाशी नाही, आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, "पन त्या दिशी शितल ढावलो बोलली न्हाई."

"काय?"

"रीतीचं रडन्याला चाल असती, शब्द असते. याडी-बापाचं नाव, भावाचं नाव, गोठ्यातल्या गायीचं नाव घ्या लागते. तिनं कुनाचंच न्हाई घेतलं. दाराला धरून नुसतीच रडली, मुक्यावानी. मी म्हनलं, अगं बोल की, बाया बघून राहिल्या. बोललीच न्हाई."

"हे कोर्टात काहून सांगितलं नाहीस काकी?" शिलाचा आवाज चढला.

"कुनी इचारलं व्हय? तूच तर म्हनलीस, इचारलं तेवढंच बोल."

एक कोंबडी येऊन सुपात चोच मारू लागली. तिला हाकलायचं दोघींनाही सुचलं नाही.

"आता सांगते की," काकी म्हणाली. "अपिलात सांगते. मोठ्या जजाला."

"तिथं साक्ष नसते काकी. इथं जे लिहिलं तेच तिथं वाचतात."

"इथं काय लिवलं?"

"आमच्यात रडतातच, असं."

"येवढंच?"

"तेवढंच."

रुक्माबाईनं जरा विचार केला. "मंग कागुद घेऊन जानाराला म्हन, म्हातारीची येक गोष्ट ऱ्हायली. लागंल तर माझा अंगठा घे म्हना."

"म्हणते," शिला म्हणाली. असं सांगून काही होत नाही हे तिला माहीत होतं. काकीशी ती कधी खोटं बोलली नव्हती.

अपील संभाजीनगरला दाखल झालंय. ती गोष्ट त्यात नाही. ज्या वकिलाला दिलं त्यांना शिलानं सांगून पाहिलं, त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि म्हणाले, ताई, तुम्हीच कायदा शिकवता. नंबर कधी लागेल कुणी सांगत नाही. शिला तांड्यावर गेली की काकी पाण्याचा तांब्या देतानाच विचारते, "सांगितलं का गं त्यायला?"

"सांगितलं काकी."

"काय म्हनले?"

"बघतो म्हणाले."

मधेच एखाद्या सोमवारी शिला औंढ्याला नागनाथाच्या देवळात जाते. तिथला गाभारा खाली आहे, अंग चोरून, वाकून उतरावं लागतं. पिंडीवर पाणी घालून लोक आपापलं मागणं मागतात आणि मागच्याला जागा देतात. शिला काही मागत नाही. शितल त्या दिवशी ढावलो बोलली नव्हती, एवढं ती नागनाथाला सांगते. मागून बाया ढकलतात, पुढं चला, पुढं चला म्हणतात, आणि ती वर येते.