फळ्यासमोरची फेरपरीक्षा

मी अमरावतीच्या राजापेठेत वाढले. तिथे गल्लोगल्ली शिकवणीचे क्लास, आणि आडनाव ऐकूनच मूल हुशार की ढ ते ठरवणारे मास्तर मी लहानपणापासून पाहिलेले. त्यामुळे अकोल्याच्या शाळेत गणित शिकवायला लागले तेव्हा तिथल्या तुकड्या कशा पडतात हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. अ तुकडीत डॉक्टर-वकील-व्यापाऱ्यांची मुलं, क तुकडीत उरलेली. गावाच्या कडेला पारध्यांचा बेडा, म्हणजे वस्ती, आहे, तिथली मुलं तर डोळे मिटून क मध्ये. ही तुकडी माझ्या वाट्याला आली, कारण मी नवी होते आणि तोंडाने फटकळ.

बरंच झालं. मी एकच नियम केला. उत्तर बरोबर असो की चूक, ते कसं सुचलं हे उभं राहून सांगायचं, आपल्या बोलीत सांगितलं तरी चालेल. सुरुवातीला सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. दिवाळीनंतर मात्र त्यांना गप्प करायला मला टेबल बडवावं लागायचं.

सगळ्यांत जास्त वाद घालायची ती बेड्यावरची एक मुलगी. तिला दहावीला अ तुकडीत जायचं होतं, कारण पुढच्या प्रवेश परीक्षांची तयारी शाळा फक्त तिथेच करून घ्यायची. नववीच्या शेवटच्या परीक्षेवर ते ठरणार होतं.

पेपर अ तुकडीच्या सरांनी तपासले. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, नंबर असतो. पाच जणांना पैकीच्या पैकी मिळाले होते. नंबरांपुढे नावं लागली तेव्हा त्यांतले चार अ तुकडीचे निघाले आणि पाचवी ही. सरांनी तिचा पेपर परत उघडला. एक गणित तिनं एक्स-वाय काही न मांडता तीन ओळींत सोडवलं होतं.

"बेड्यावरची पोरगी," सर स्टाफरूममध्ये चहा पिता पिता म्हणाले. "उचलेगिरी त्यायच्या रक्तातच हाय."

माझं टाळकं सटकलं. "उचललं तर कोणाचं उचललं? अख्ख्या शाळेत हे उत्तर असं कोणी लिहिलंय ते दाखवा मला."

तरी सर मागे हटेनात. शेवटी मुख्याध्यापकांनी तोडगा काढला. तिनं अ तुकडीसमोर फळ्यावर नवं गणित सोडवायचं. नाही जमलं तर गणितात शून्य, आणि अ तुकडी विसरायची. मी त्यांच्याशीही भांडायला उभी राहिले, तर हे सांगायला बोलावून घेतलेली तीच मला म्हणाली, "राहू द्या मॅडम. मी सोडवतो."

अ तुकडीच्या वर्गात, मुख्याध्यापकांच्या आणि माझ्या समोर, सरांनी फळ्यावर लिहिलं: दोन अंकी संख्या, अंकांची बेरीज अकरा, अंकांची अदलाबदल केली की संख्या पंचेचाळीसने वाढते. तिनं जरा वेळ पाहिलं आणि खाली अडतीस लिहिलं. वर्गात खसखस पिकली.

"अंदाज मारला," सर म्हणाले.

"अंदाज नाही सर. एककातला आकडा दशकात गेला का त्याचे दहापट होते, म्हंजे नऊपट जास्त. दशकातला एककात आला का नऊपट कमी. तर दोघायच्या फरकाची नऊपट म्हंजे पंचेचाळीस, फरक झाला पाच. बेरीज अकरा, फरक पाच, तर आठ अन् तीन. उलटवून संख्या वाढते, म्हंजे आठ मांगं. अडतीस."

हसणाऱ्यांतल्याच पुढच्या दोघी-तिघी वह्या काढून ते उतरवून घ्यायला लागल्या. मला इतका आनंद झाला की तो लपवायचं भानही राहिलं नाही. मी सरळ टाळ्या वाजवल्या, एकटीनंच.

"शाब्बास," मुख्याध्यापक म्हणाले. "मार्क कायम. जा आता वर्गात."

ती हलली नाही.

"सर, पूर्ण मार्क अजून चौघायले हायेत," ती म्हणाली. आवाज अगदी साधा, पाणी मागावं तसा. "त्यायलेही बलवा न फळ्यावर. मले पाहू द्या."

सर मुख्याध्यापकांकडे पाहायला लागले आणि मुख्याध्यापक माझ्याकडे. मी कुणालाच विचारलं नाही. फळा पुसला आणि दुसरं गणित लिहायला घेतलं. तोवर ती अ तुकडीतला एक मोकळा बाक बघून तिथे जाऊन बसली होती.