आधी कितवं होतं?

एक जुलैला तिन्ही फौजदारी कायदे एकदम बदलले आणि वसई कोर्टाच्या बाररूममध्ये आम्ही सगळे एकाच दिवशी नापास झालो. खून म्हणजे तीनशे दोन, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक होतं. आता तीनशे दोन म्हणजे धार्मिक भावना दुखावणं, आणि खून गेला एकशे तीनवर. एकशे चव्वेचाळीस म्हटलं की चौकात जमावबंदी लागायची, आता त्याच नंबरावर बायकोला पोटगी मिळते. कुणाला तरी वाटलं असेल की नंबर हलवले की न्याय पुढे सरकतो. मला नुसता संताप आला. वीसेक वर्षं घासून घासून पाठ केलेलं सगळं एका सकाळी रद्दीत गेलं होतं.

त्या दिवसांत आम्हा वकिलांना एक सवय लागली. कुणीही नवं कलम बोललं की बाकीचे विचारायचे, "आधी कितवं होतं?" जुना नंबर कळला की तोंडावर उजेड पडायचा, हां हां, ते होय! पोलीस विचारायचे, सरकारी वकील विचारायचे, मॅजिस्ट्रेट मॅडमसुद्धा हसत हसत विचारायच्या. आपल्याला येत नाही हे कबूल करायला इतकी सोय आमच्या धंद्यात पूर्वी कधीच नव्हती.

सर मात्र ते विचारायला लाजत. सर म्हणजे माझे सीनिअर. मी विरारच्या मनवेलपाड्यातल्या चाळीत वाढलेली, वडील मुंबईत कारकून, घरात कुणी कधी कोर्टाची पायरी चढलेलं नाही. सनद हातात घेऊन वसईतल्या ऑफिसांचे उंबरे झिजवत होते तेव्हा सरांनी मला ज्युनिअर म्हणून घेतलं. माणूस आगाशीचा, केळी-नारळाची वाडी असलेल्या जुन्या घरातला. कोर्टात छापील मराठी बोलणार, आणि घरी काकूंशी वाडीतली बोली, जिच्यातलं अर्धं मला अजूनही कळत नाही. कलमं त्यांना पुस्तक न उघडता येत. "पुस्तक उघडायचं ते न्यायाधीशाला दाखवायला, आपण बघायला नाही," असं मला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं होतं.

उभं कसं राहायचं तेही त्यांनीच शिकवलं. सीनिअर बोलायला उठला की ज्युनिअरने त्याच्या मागे, जरा डावीकडे उभं राहायचं. कलम, पान, तारीख हळूच पुरवायची. चारचौघांत सीनिअरला दुरुस्त करायचं नाही. अगदीच गाडी रुळावरून घसरायला लागली तर मागून कोटाची बाही ओढायची. इतक्या वर्षांत मला त्यांची बाही ओढायची वेळ आली नव्हती.

कायदे बदलले तशा आमच्या वकील संघटनेने शनिवारी कार्यशाळा सुरू केल्या. बाहेरून वक्ते यायचे, पडद्यावरचं आहे तसं वाचून दाखवायचे, आणि शेवटी सहभागाचं प्रमाणपत्र मिळायचं. निम्मे वकील त्या प्रमाणपत्रासाठी आणि निम्मे जेवणासाठी यायचे. मी मागे बसून डुलक्या काढायचे. सर पहिल्या रांगेत, सत्तरी ओलांडलेली, पेन्सिलला टोक करून आलेले. मी एकदा चिडून म्हटलं, "सर, हे वय आहे का धडे गिरवायचं?"

"सनद आहे तोवर शिकायचं," सर म्हणाले. "शिकायचं नसेल तर सनद परत करायची. मधलं काही नाही."

कार्यशाळेत एक तक्ता वाटला होता. डाव्या रकान्यात जुनी कलमं, उजव्यात नवी. तो सरांनी आगाशीच्या घरात ओटीवरच्या भिंतीला चिकटवला आणि मला फर्मान सोडलं, रविवारी येऊन तालीम घे. मी विरारहून बसने जायचे. सर झोपाळ्यावर, तक्त्याकडे पाठ करून बसायचे, आणि मी विचारायचे.

"चोरी?"

"तीनशे एकोणऐंशी."

"ते जुनं, सर. नवं?"

झोपाळा थांबायचा. सर वाडीकडे बघायचे. मग मीच सांगायचे, तीनशे तीन. ते घोकायचे, हसायचे, काकू केळी आणून ठेवायच्या. केळं खाऊन होईस्तोवर तीनशे तीन गेलेलं असायचं. मी कपाळावर हात मारायचे. पुढच्या रविवारी पुन्हा चोरीपासून सुरुवात.

मला त्यात वावगं दिसलं नाही आणि दिसणार तरी कसं होतं? सगळेच चुकत होते. मीच एकदा जामिनाच्या अर्जावर जुनं कलम टाकून मॅडमची बोलणी खाल्ली होती. सगळ्या वर्गाचंच गणित चुकत असताना एकाच्या चुका वेगळ्या आहेत, हे कुणाला कळणार? काकू विचारायच्या, "सध्या फार विसरतात हो, नाही?" आणि मीच त्यांना सांगायचे, "काकू, कायदा नवीन आहे. सगळेच विसरतायत." त्यांना बरं वाटायचं. मलाही बरं वाटायचं.

मग मला एक युक्ती सुचली. कायदा बदलण्याआधी उभे राहिलेले खटले जुन्याच कायद्याने चालणार होते. कोर्टात असे खटले ढिगाने पडून होते. मी ऑफिसातल्या फायलींच्या दोन चवडी केल्या. नव्या कायद्याचं सगळं माझ्याकडे, जुन्याचं सगळं सरांकडे. सर पुन्हा पहिल्यासारखे उभे राहायला लागले. तीनशे तेवीस, तीनशे चोवीस, पाचशे सहा, तोंडातून फटाके फुटावेत तशी कलमं. मी मागे उभी राहून मनात स्वतःची पाठ थोपटत होते. जुन्या फायली संपेपर्यंत सरांना कुणी हात लावणार नाही, असा माझा हिशेब होता.

एकदा दुपारी त्यांचा फोन आला. घरी निघाले होते, आणि बसमधून आगाशीला उतरायचं सोडून नंदाखालला उतरले होते. "अगं, स्टॉप बदलला का इथला?" मी हसले. म्हटलं, सगळंच बदलतंय सर, तिथेच थांबा, रिक्षा पाठवते. नंतर लक्षात आलं, ते हल्ली पुष्कळ गोष्टींबद्दल हेच विचारत होते. ऑफिसच्या कुलपाची किल्ली उलटी लावायचे आणि म्हणायचे, बदललं का गं हे? कायद्याने त्यांना एक उत्तर देऊन ठेवलं होतं आणि ते प्रत्येक कुलपाला लावून बघत होते.

अर्नाळ्याच्या एका कोळ्याचा खटला होता, जुनाच, तीनशे चोवीसचा. जाळी वाळवायच्या जागेवरून दोन घरांत मारामारी झाली होती आणि वल्ह्याने डोकं फोडल्याचा आरोप आमच्या अशिलावर होता. त्याची बायको दर तारखेला बाजार उरकून थेट कोर्टात यायची आणि सर दिसले की तिचा जीव भांड्यात पडायचा. शिक्षा झाली असती तर ऐन मासेमारीच्या दिवसांत घरचा एकमेव कमावता माणूस आत गेला असता. त्या दिवशी फिर्यादीची उलटतपासणी होती.

सरांनी काय सुंदर उलटतपासणी घेतली! अंगावर न जाता, गप्पा मारल्यासारखी. फिर्यादी हळूहळू बोलत गेला आणि शेवटी म्हणाला की तो घसरून आधीच पालथा पडला होता, मागून कुणी मारलं ते त्याने पाहिलं नाही. संपलं. खटला तिथेच संपला. हवं ते उत्तर मिळालं की खाली बसायचं, एक प्रश्न जास्तीचा विचारायचा नाही, हे सरांनी मला शंभरदा सांगितलं असेल.

सर बसले नाहीत. त्यांनी हातातल्या कागदांकडे पाहिलं, पहिलं पान पुन्हा वर घेतलं आणि त्याच गोड आवाजात विचारलं, "तुमचं गाव कोणतं?"

मॅडम म्हणाल्या, "वकीलसाहेब, हे झालंय." सर म्हणाले, "हो, हो," आणि पुढचा प्रश्न विचारला, तोही झालेलाच. सरकारी वकील गप्प बसला. तो का बोलेल? मी बाही ओढली. सरांना वाटलं मी कलम पुरवतेय. मान मागे करून त्यांनी विचारलं, सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल असं, "कितवं?"

"सर, बसा," मी म्हटलं.

"कितवं म्हणालीस?"

तोवर फिर्यादी शहाणा झाला होता. मारणारा पाहिला का, हा प्रश्न दुसऱ्यांदा आल्यावर तो म्हणाला, पडलो खरा, पण मान वळवून पाहिलं, हाच होता. ते नोंदवलं गेलं. मी सरांच्या मागे, जरा डावीकडे, हातात त्यांची बाही धरून उभी होते आणि मला काहीही करता आलं नाही.

बाहेर कोळीण माझ्यापाशी आली. "बाई, सायबांचं काय झालं? कोनी बोललं का त्यांना काय?" मी म्हटलं, बरं नाही त्यांना. पुढचं काम मी चालवलं. शिक्षा झाली, पण मॅडमनी चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडलं, आत जावं लागलं नाही. ती माझ्या पाया पडली आणि वर म्हणाली, "सायब धड असते तर निर्दोष सुटला असता, नाय?" मी हो म्हटलं. ते खरंच होतं.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. गोळ्यांनी वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही, असंही सांगितलं. काकूंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला तिथून पळून जावंसं वाटलं. कायदा नवीन आहे, हे मीच त्यांना रविवारमागून रविवार सांगत आले होते. आता सरांना कोर्टात येऊ नका हे कुणी सांगायचं? काकू म्हणाल्या, तू सांग, तुझं ऐकतात. मुलगा परदेशातून फोनवर म्हणाला, तुम्हीच सांगा मॅडम. बाररूममधले सगळे म्हणाले, तुझे सर आहेत, तू सांग. मी सांगायला म्हणून आगाशीला गेले. सर तक्त्यासमोर उभे होते. मला बघून त्यांचा चेहरा फुलला, "आलीस? चल, घे तालीम." मी तालीम घेतली, केळी खाल्ली आणि परत आले. यापेक्षा जास्त मला जमलं नाही.

जुन्या फायली एकेक करून मी माझ्या नावावर घेतल्या. सरांनी कधी विचारलं नाही. ते यायचे, काळा कोट घालून बाररूममध्ये बसायचे, आणि पुढे पुढे तेही कमी झालं.

गेल्या महिन्यात संघटनेची पुन्हा कार्यशाळा होती, पुराव्याच्या नव्या कायद्यावर. सर आधीच येऊन बसले होते, पहिल्या रांगेत, इस्त्रीचा कोट, टोक केलेली पेन्सिल. भिंतीवरचा तक्ता काढून सोबत आणला होता. काकू रिक्षातून सोडून गेल्या होत्या आणि दाराशी मला म्हणाल्या होत्या, ऐकेचनात, सनद आहे म्हणतात. मी सरांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी अदबीने पाय आवरून घेतले, अनोळखी बाईसाठी आवरतात तसे.

वक्ता मोबाईल आणि संगणकावरच्या पुराव्यावर आला, कलम त्रेसष्ट म्हणाला. सर माझ्याकडे झुकले. ते कधी विचारायचे नाहीत, त्या दिवशी विचारलं.

"आधी कितवं होतं?"

"पासष्ट-ब," मी म्हटलं.

त्यांनी ते तक्त्याच्या खाली उरलेल्या जागेत लिहून घेतलं, जुन्याच वळणदार अक्षरात. मग माझ्याकडे बघत राहिले. मी पदर सारखा करत वक्त्याकडे बघितल्यासारखं केलं.

"आणि तुम्ही?" सरांनी हळूच विचारलं. "तुम्ही आधी कोण होतात?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी अहोजाहो केलं नव्हतं.

"तुमची ज्युनिअर, सर," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली, पासष्ट-बच्या खाली, डाव्या रकान्यात 'माझी ज्युनिअर' असं लिहिलं आणि पेन्सिल उजव्या रकान्यावर टेकवली.

"नवं?" त्यांनी विचारलं.