सात जणींना अळता, मला मोजे

नाचाच्या रंगीत तालमीला सात मुलींच्या पायांना अळता लावला. मला मॅडमनी मोजे दिले. कातडीच्या रंगाचे.

"तुझ्या टाचा बघ. पहिल्या रांगेत पाहुणे बसणार. त्यांना हे दाखवायचं का?"

मुली हसल्या. मी पाय मागं घेतले. मागं घेऊन टाचा लपत नसतात, तरी घेतले.

धाराशिवला आमच्या कॉलेजचं गॅदरिंग चार दिवसांवर आलं होतं. समूहनृत्यात मला पुढच्या रांगेत जागा मिळाली होती. मोजे घातले तरच ती राहणार होती. लाज वाटली, पण घातले.

नाचात एका टाचेवर अर्धी गिरकी होती. मोजा फरशीवर सटकला आणि मी आपटले. मॅडम म्हणाल्या, "वस्तीतल्या पायांना फरशीची सवय नसते." असल्या फरश्या डोक्यावर वाहण्यात माझ्या आईचा जन्म चालला आहे. तेव्हा मी तोंड उघडलं नाही, याचा मला अजून राग येतो.

घरी जाऊन न्हाणीतल्या दगडानं टाचा घासल्या. रक्त येईपर्यंत. आई बांधकामावरून आली, तिनं दगड काढून घेतला.

"सोलतीस कशाला? अख्खं अंग त्याच्यावर उभं हाय तुझं."

मेण वितळवून ती माझ्या भेगा भरत बसली. घमेलं घेऊन फळीवरून उतरताना आधी टाच रोवायची, मग पंजा, असं सांगत होती. टाच डगमगली की माणूस घमेल्यासकट खाली. तिच्या टाचा माझ्याहून फाटलेल्या. त्यांच्यावर ती रोज तीन मजले चढते, उतरते. आणि मी तसल्याच टाचा सोलायला बसले होते.

दुसऱ्या दिवशी तालमीत मोजे मॅडमच्या टेबलावर ठेवले. घाल, नाहीतर नाव काढते, म्हणाल्या. मी माझ्या जागी गेले. टाच रोवली. ठणकत होती. गिरकी घेतली. पाय सटकला नाही.

"झालं? आता बाहेर हो."

"नाव काढा, मॅडम. मोजे मी घालणार न्हाय."

नाव काढलं. रांग सरकवून माझी जागा बुजवली. गॅदरिंगला सात जणी नाचल्या आणि मी खाली बसून बघितलं. लई वाईट वाटलं.

यंदा पुन्हा नाव दिलं आहे. टाचा तशाच आहेत. पुढच्या वर्षीही देईन, अनवाणीच उभी राहीन. दर वेळी त्यांना माझ्या टाचांकडं बघूनच माझं नाव खोडावं लागेल.