धाकटीला दिसलेल्या आत्याबाई

भुतंखेतं, अंगात येणं... असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. पलूसजवळच्या एका गावात मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. तरीही लिहितेय, कारण ही गोष्ट मला आतून खातेय.

माझ्या सासूबाई – आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो – शेवटची काही वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचं सगळं मी केलं. धाकटी जाऊ सुनंदा साताऱ्याला, दीर मिलिटरीत. ती सणावाराला यायची, घटकाभर पाय दाबायची, आणि आत्याबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "माजी सुनंदा लय मायेची." मी तिथंच त्यांचं बेडपॅन उचलत असायचे.

वर्षश्राद्धासाठी सुनंदा आदल्या संध्याकाळी आली. रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी नळाचं पाणी भरून मी भाकरी थापायला बसले. सुनंदा समोर भाजी निवडत होती. एकाएकी ती परसदाराकडं बघत उठली आणि भरलेले हंडे मोरीत पालथे करायला लागली!

"अगं, काय करतेस हे?"

"आवं ताई, आत्याबाई दारात हायत! पानी वता म्हंत्यात. पोरीच्या बाटलीतलं बी!"

मी वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं. मुलीची बाटली तर मी सुनंदा झोपेतून उठायच्या आधीच भरून आतल्या खोलीत, दप्तरात ठेवली होती. ही सरळ आत गेली, दप्तर उघडलं आणि बाटली ओतून टाकली. मुलगी रडायला लागली. माझं डोकंच फिरलं... मेल्यावरसुद्धा आत्याबाई हिच्याच?

"बास झालं नाटक!" मी ओरडले.

दुपारपर्यंत आमच्या आळीत घरोघरी उलट्या सुरू झाल्या. शेजारच्या काकूंना तर मिरजेला हलवावं लागलं. बऱ्या झाल्या, पण फार हाल झाले. पुढं तपासणीत पाण्यात तणनाशक सापडलं. ओढ्याकाठच्या उसात फवारणी झाली होती. पावसानं ते वाहून नळयोजनेच्या विहिरीत उतरलं होतं.

नळ गेलेला, त्यामुळं भाकरीपासून पिण्यापर्यंत आम्ही कालच्या कळशीतल्या पाण्यावरच भागवलं होतं; आमच्या घरात कुणाला काहीच झालं नाही. मुलगी धडधाकट आहे.

न राहवून मी सुनंदाला फोन केला. "आत्याबाई त्या दिवशी माझ्याबद्दल काही बोलल्या का गं?"

"न्हाई ओ, ताई."

पाण्यात काय होतं, ते रिपोर्टात आलं. पण घर माझं, पोरगी माझी, दाराच्या जवळही मीच बसलेले... मग त्या तिलाच कशा दिसल्या?