ओल्या बुटाचा सोल

किनवटच्या स्टँडसमोर जलीलमियाँ तीस वर्षं चपला-बूट दुरुस्त करत आले, पण ओल्या बुटाला त्यांनी कधी हात लावला नाही. आत रद्दी कोंबा, दोन दिवस सावलीत ठेवा, मग या. कुणी घाई केली की म्हणायचे, ओल्यावर लावलेलं सोल्यूशन म्हणजे सासूची माया, नुसती वरवरची.

आणि नेमकं सायकल शर्यतीच्या आदल्या दिवशी वसतिगृहातली तनुजा सायकलचे भिजलेले बूट घेऊन आली. या बुटांच्या तळाला पट्टी असते, ती पेडलमध्ये खटकन अडकते. सरावाला नाल्याच्या पाण्यातून सायकल काढली आणि उजव्याचा सोल पुढून उचकटला. तिनं विचारलं, असले बूट भिजले तर चालतात का? चालतात, जलीलमियाँ म्हणाले, भिजून बूट मरत न्हाई, घाईनं चिकटवला की दगा देतो, परवा ये.

शर्यत उद्या, राज्याच्या संघाची निवड त्यातूनच. पोर रडली असती तर त्यांनी हाकललीही असती. ती मुकाट पायरीवर बसून राहिली, तिथंच घात झाला. त्यांनी बूट स्टोव्हवर शेकला. वरून कोरडा लागला, आतली ओल बोटांना कळलीच. तरी चिकटवला.

"टिकंल ना, चाचा?"

"टिकतंय."

सकाळी आभाळ भरून आलं. शर्यत इस्लापूरच्या रस्त्यावर, तिथं उतार आहे, हे त्यांना आठवलं. आरी दोनदा बोटात घुसली. वसतिगृहाला फोन लावावा म्हणून मोबाइल हातात घेतला, आणि खाली ठेवला. काय सांगणार? जलीलनं ओला बूट चिकटवला? तीस वर्षांची इज्जत आडवी आली मेली!

दुपारी बातमी आली. तनुजा उतारावर पडली, हात मोडला, मागचा ट्रक वीतभर अंतरावर थांबला.

पंधरा दिवसांनी ती मोडका हात गळ्यात बांधून आली. बूट पुढ्यात ठेवला. म्हणाली, चूक माझीच, ब्रेक उशिरा दाबला. पडण्यात सोल सुटला, परत लावून द्या. बाबा म्हणतात तुला सायकल झेपत न्हाई, ती विकायला काढलीय.

जलीलमियाँनी सोल उलटा करून पाहिला. सोल्यूशन पांढरं पडून पापुद्र्यासारखं सुटत होतं. ओल्यावर लावल्याची खूण. गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं?

"पडल्यानं सोल न्हाई सुटला, बेटी. सोल सुटला म्हणून तू पडलीस. म्या ओल्यावर लावला होता. त्या सकाळी मला ठाव होतं, तरी फोन न्हाई केला."

बाबांचा नंबर दे, चूक माझी होती हे मीच सांगतो, असं ते दोनदा म्हणाले. तिनं बूट तसाच पिशवीत घातला आणि नंबर न देता स्टँडकडे चालू लागली.